डेंग्यूचा ताप व तापाचे दिवस

पावसाळा अर्धाअधिक सरला कीं, आपल्या खेड्यापाड्यांत तापाचे रोगी घरोघर दिसूं लागतात. कोणास हिंव भरून येतें, कोणाचें अंग ठणकतें, कोणाचें डोकें दुखून डोळे उघडवत नाहींत. अशा वेळीं पुष्कळ लोक "पाणी बाधलें" किंवा "पावसांत भिजलों" असें म्हणून तीन-चार दिवस ताप अंगावर काढतात. आणि ताप उतरला म्हणजे रोगी उठून पुन: शेताच्या कामास लागतो. बहुतेक तापांत ही रीत कशीबशी निभावून जाते. परंतु एक ताप असा आहे कीं, ज्यांत ताप उतरण्याची वेळ हीच पुष्कळदां खऱ्या धोक्याची वेळ असते. त्याचें नांव डेंग्यू. तो कसा पसरतो, कोणत्या दिवशीं कोणत्या तपासणीनें ओळखावा आणि रोग्यास केव्हां अधिक जपावें, ह्या तीन गोष्टी ह्या पाठांत क्रमानें सांगावयाच्या आहेत. तिहींची किल्ली एकच आहे. ती ही कीं, दिवस मोजावे. ज्या घरांत तापाचा पहिला दिवस कोणता हें नक्की ठाऊक आहे, त्या घरानें अर्धें काम केलें असें समजावें.

१. हा केवळ शहरांचा रोग नव्हे

डेंग्यू हें नांव आपल्या देशास नवें नाहीं. सन १८७१-७२ च्या सुमारास ह्या नांवाच्या तापाची मोठी साथ हिंदुस्थानांत पसरली होती. परंतु त्या काळीं रक्त तपासून असा रोग ओळखण्याचें साधन नव्हतें. आणि ती साथ वस्तुत: चिकनगुन्याची असावी, असें आतां कित्येक अभ्यासकांचें मत आहे. नुसत्या लक्षणांवरून एका तापाची दुसऱ्याशीं गल्लत होणें किती सोपें आहे, हें ह्यावरून दिसून येतें. डेंग्यूचा विषाणु जपानांत नागासाकी येथील साथींत सन १९४३ मध्यें होत्ता व किमुरा ह्या संशोधकांनीं वेगळा केला. त्यानंतर लौकरच अमेरिकेचे शास्त्रज्ञ सेबिन ह्यांनीं कलकत्ता येथें आजारी पडलेल्या सैनिकांच्या रक्तांतूनहि तो मिळविला. सन १९६३ मध्यें कलकत्त्यास अशी साथ आली कीं, तींत रोग्यांस रक्तस्राव होऊं लागला. सन १९९६ मध्यें दिल्लींत दहा हजारांवर रोगी झाले व ४२३ माणसें दगावलीं.

कलकत्ता, दिल्ली हीं नांवें ऐकून लोकांचा असा समज झाला कीं, हा दाट वस्तीच्या शहरांचा रोग असून खेड्याच्या मोकळ्या हवेंत त्याचें भय नाहीं. हा समज खरा नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं परभणी जिल्ह्याच्या ग्रामीण भागांतील डेंग्यूच्या साथीचा वृत्तांत सन १९९१ मध्येंच प्रसिद्ध केला आहे. म्हणजे आपल्या खेड्यांत हा रोग कालपरवां आलेला नाहीं. सन २०२३ मध्यें सबंध देशांत डेंग्यूचे सुमारें २ लाख ८९ हजार रोगी सरकारदरबारीं नोंदले गेले आणि ४८५ मृत्यु झाले. ज्यांची तपासणी झालीच नाहीं असे रोगी ह्या आंकड्यांत नाहींत, हें लक्षांत ठेवावें.

खेड्यांत हा रोग कां शिरतो? ह्याचें मुख्य कारण पाणी सांठविणें हें होय. ज्या गांवीं नळास दोन-चार दिवसांआड पाणी येतें, किंवा उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, तेथें प्रत्येक घरीं रांजण, पिंप, सिमेंटची टांकी व हौद भरून ठेवणें भाग पडतें. हा दोष गृहिणीचा नव्हे. पाणी न सांठवील तर ती स्वयंपाक कशानें करील? परंतु तेंच उघडें पाणी डेंग्यूच्या डांसाचें माहेर होतें. म्हणून हा रोग केवळ पावसाचा नसून पाण्याच्या टंचाईचाहि आहे.

२. डांस, रोगी व पुन: डांस

हा रोग स्पर्शानें, श्वासानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं. तो एडिस इजिप्ती नांवाच्या डांसाच्या मादीकडून एका माणसापासून दुसऱ्यास पोंहोंचतो. हा डांस काळा असून त्याच्या पायांवर व अंगावर पांढरे पट्टे असतात. हिंवतापाचा डांस रात्रीं चावतो. हा दिवसां चावतो, आणि विशेषेंकरून सकाळीं उजाडल्यानंतर व सायंकाळीं दिवस मावळण्यापूर्वीं. तो गटाराच्या घाण पाण्यापेक्षां घरांतील स्वच्छ, निवळ, सांठलेल्या पाण्यांत अधिक वाढतो. तो फार दूर उडत नाहीं. सामान्यत: आपल्या जन्मस्थानाच्या आसपासच्या घरांतच वावरतो. ह्याचा अर्थ असा कीं, ज्या डांसानें आपल्या मुलास चावा घेतला, तो बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या रांजणांत जन्मलेला असतो.

आतां दिवसांचा पहिला हिशेब पाहा. डांसाची मादी भांड्याच्या आंतल्या बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, अंडीं चिकटवून ठेवते. पाणी लागलें कीं त्यांतून अळ्या निघतात, अळीचा कोष होतो व कोषांतून डांस उडतो. उष्ण हवेंत ह्या सर्वांस सुमारें सात ते दहा दिवस लागतात. हीं अंडीं कोरडीं राहिलीं तरी कित्येक महिने मरत नाहींत. म्हणून भांडें नुसतें ओतून पालथें घालणें पुरेसें नाहीं. आंतून घांसून पुसलें पाहिजे.

दुसरा हिशेब रोगाच्या फिरण्याचा. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधींपासून तों तापाच्या सुमारें पांचव्या दिवसापर्यंत रोग्याच्या रक्तांत विषाणु खेळत असतो. ह्या काळांत त्यास चावलेल्या डांसाच्या पोटांत तो शिरतो. परंतु डांस लागलीच रोग देऊं शकत नाहीं. त्याच्या शरीरांत विषाणु वाढावयास आठ ते बारा दिवस लागतात. पुढें तो मरेपर्यंत ज्यास ज्यास चावेल त्यास रोग देऊं शकतो. चावा बसल्यानंतर माणसास ताप येण्यास आणखी चार ते दहा दिवस लागतात. ह्या आंकड्यांची बेरीज करा. गांवांत पहिला रोगी दिसला, तर त्याच्यापासून उत्पन्न होणारे दुसरे रोगी बहुधा दोन ते तीन आठवड्यांनीं दिसतील. मधले दिवस सर्व शांत असतें व लोक म्हणतात, "एकालाच झाला होता, गेला." तेच दिवस खरोखर काम करण्याचे आहेत. त्या अवधींत गल्लींतील सर्व भांडीं घांसलीं व रोग्यास दिवसांहि मच्छरदाणींत निजविलें, तर पुढची रांग तुटूं शकते. रोग्याची मच्छरदाणी ही त्याच्यासाठीं नसून शेजाऱ्यासाठीं आहे, असें म्हटलें तरी चालेल.

३. रोग ओळखावा कसा

डेंग्यूचा ताप एकाएकीं येतो व जोराचा असतो. कपाळ दुखतें, डोळ्यांच्या मागें दुखतें, डोळे हलविले तर अधिक, कंबर, सांधे व हाडें मोडून आल्यासारखीं होतात, मळमळ सुटते, कित्येकांच्या अंगावर लाल पुरळ उठतो. परंतु चिकनगुन्या, हिंवताप, विषमज्वर, लेप्टोस्पायरोसिस ह्यांचा आरंभहि असाच होऊं शकतो. म्हणून नुसत्या अंगदुखीवरून "डेंग्यूच आहे" असें म्हणूं नये व "डेंग्यू नाहीं" असेंहि म्हणूं नये. रक्त तपासावें. हिंवतापासाठींहि त्याच वेळीं तपासणी करून घ्यावी, कारण त्यावर निश्चित औषध आहे व विलंबानें जीव जातो.

डेंग्यूच्या रक्ततपासण्या मुख्यत: दोन आहेत, आणि त्या दोन निरनिराळ्या दिवसांच्या आहेत. पहिलीचें नांव एन.एस.१. हा विषाणूचाच एक अंश असून तो तापाच्या पहिल्या दिवसापासून सुमारें पांचव्या दिवसापर्यंत रक्तांत चांगला सांपडतो. दुसरीचें नांव आय.जी.एम. हें विषाणूविरुद्ध शरीरानें उभें केलेलें शस्त्र होय; तें तयार होण्यास वेळ लागतो, म्हणून ही तपासणी पांचव्या दिवसानंतर करावयाची. चोर घरांत असतांना चोर शोधावा, आणि तो निघून गेल्यावर त्याच्या पावलांच्या खुणा शोधाव्या, असा हा प्रकार आहे. दुसऱ्याच दिवशीं पावलांचा माग शोधला तर तो सांपडणार नाहीं. आठव्या दिवशीं चोर शोधला तर तोहि सांपडणार नाहीं. दोन्ही वेळां कागदावर "दोष नाहीं" असें येईल, आणि घरचे लोक निर्धास्त होतील. चूक कागदाची नव्हे, दिवसाची.

आणखी एक गोष्ट. आय.जी.एम.ची खूण पुष्कळदां दोन-तीन महिने रक्तांत टिकते. ज्यास भाद्रपदांत डेंग्यू झाला, त्यास कार्तिकांत दुसराच कांहीं ताप आला तरी ही खूण दिसूं शकते. तसेंच ज्यास डेंग्यू दुसऱ्यांदा होतो, त्याच्या रक्तांत ह्या खुणा कधीं कधीं फिक्या असतात. म्हणून तपासणीचा कागद हा डॉक्टरांच्या विचारास साह्य करणारा आहे. त्यांच्या विचाराची जागा घेणारा नव्हे.

बाजारांत कार्डावरची झटपट तपासणी मिळते. ती उपयोगाची असली तरी तिच्यावर सर्वस्वीं भिस्त ठेवूं नये. सरकारी नियमाप्रमाणें पक्कें निदान एलायझा नांवाच्या पद्धतीनें धरिलें जातें. ह्या पद्धतीचे आय.जी.एम.चे संच पुण्याच्या त्याच संस्थेंत तयार होऊन देशांतील ठरलेल्या सरकारी रुग्णालयांस पुरविले जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेल्यास रक्ताचा नमुना कोठें पाठवावयाचा हें तेथील मंडळी सांगतात. नमुन्याबरोबर तापाचा पहिला दिवस सांगावयास चुकूं नये.

४. एका घरचा आठवडा

हें सर्व स्पष्ट व्हावें म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, एका शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलीस सोमवारीं सकाळीं ताप भरला. सोमवार हा पहिला दिवस. भिंतीवरच्या पंचांगावर तेथें खूण करावी. मंगळवारीं व बुधवारीं ताप जोराचा आहे. डोकें व अंग दुखतें. ह्या दिवसांत केंद्रांत नेऊन एन.एस.१ व हिंवतापाची तपासणी करावी. मुलीस घोट घोट पाणी, पेज, ताक, नारळाचें पाणी, क्षारसंजीवनीचें पाणी देत राहावें. बुधवार हा तिसरा दिवस; त्याच दिवसापासून धोक्याच्या खुणांवर नजर ठेवण्यास आरंभ करावा.

शुक्रवार हा पांचवा दिवस. सकाळीं ताप उतरला. आई म्हणते, "बरें झालें, सुटली एकदांची." बाप कापूस वेंचावयास जातो, कारण दोन दिवस मजुरी बुडाली आहे. परंतु मुलगी खेळत नाहीं. ती निपचित पडून आहे. पोटांत फार दुखतें म्हणते. दोनदां, तीनदां ओकली. हातपाय गार लागतात. सकाळपासून लघवीस गेलेली नाहीं. हीच ती वेळ.

अशा वेळीं शरीरांत काय घडतें तें समजून घ्यावें. जुन्या मडक्यांतून पाणी पाझरावें, तसा रक्तांतील पातळ भाग बारीक शिरांच्या भिंतींतून बाहेर झिरपूं लागतो. शिरांत उरलेलें रक्त घट्ट होतें, नाडी क्षीण होते व अवयवांस रक्त पुरेनासें होतें. हें पाझरणें बहुधा ताप उतरण्याच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या व सातव्या दिवसांच्या मधल्या काळांत सुरू होतें, आणि २४ ते ४८ तास चालतें. ज्यानें "ताप उतरला" एवढेंच पाहिलें तो फसला. ज्यानें "आज पांचवा दिवस" हें लक्षांत ठेवलें तो मुलीस उचलून रुग्णालयांत घेऊन गेला. वेळेवर योग्य शुश्रूषा मिळाली तर कठीण डेंग्यूच्या रोग्यांपैकींहि फारच थोडे दगावतात. विशिष्ट औषध अद्याप नसलें तरी उपचार आहे, आणि तो वेळेचा आहे.

रोग्यास लागलीच रुग्णालयांत नेण्याच्या खुणा पुढीलप्रमाणें आहेत: पोटांत सतत व तीव्र दुखणें, वारंवार ओकारी, हिरड्यांतून, नाकांतून किंवा शौचावाटे रक्त जाणें, अथवा काळें शौच होणें, अतिशय ग्लानि किंवा अस्वस्थता, हातपाय गार पडणें, श्वास लागणें, आणि पांच-सहा तास लघवी न होणें. ह्यांपैकीं एक खूणहि पुरे. दुसरीची वाट पाहूं नये. गरोदर स्त्रिया, तान्हीं मुलें, वृद्ध व मधुमेही ह्यांस तर आरंभापासूनच डॉक्टरांच्या नजरेखालीं ठेवावें.

५. कांहीं घातक समजुती

पहिली समजूत प्लेटलेटची. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठण्यास साह्य करणाऱ्या सूक्ष्म कणिका. निरोगी माणसांत त्या सामान्यत: दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात, व डेंग्यूंत त्या कमी होतात. परंतु घरचे लोक केवळ ह्याच आंकड्याकडे डोळे लावून बसतात व पाझरण्याच्या खुणांकडे पाठ फिरवितात. बहुतेक रोग्यांत ह्या कणिका आपोआप पुन: वाढतात. रक्त किती घट्ट झालें, नाडी कशी आहे, लघवी होते कीं नाहीं, हें डॉक्टर आंकड्याबरोबर पाहतात, आणि तसेंच पाहिलें पाहिजे.

दुसरी समजूत सलाईनची. "एक बाटली लावा म्हणजे शक्ति येईल," असा हट्ट कित्येक करतात. पाझरण्याच्या दिवसांत मोजून दिलेलें सलाईन जीव वांचवितें. परंतु पाझरणें थांबल्यावर बाहेर गेलेलें पाणी शिरांत परत येतें, आणि त्या वेळीं वाजवीपेक्षां अधिक सलाईन दिलें तर छातींत पाणी होऊन श्वास कोंडतो. येथेंहि दिवसच पाहावा लागतो.

तिसरी गोष्ट वेदना मारणाऱ्या गोळ्यांची व सुयांची. अंगदुखी असह्य होते म्हणून दुकानांतून ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊं नये. त्यांनीं रक्तस्रावाचें भय वाढतें. तापास पॅरासिटॅमॉल, तेंहि सांगितलेल्या मानानेंच घ्यावें. पपईच्या पानांचा रस व शेळीचें दूध ह्यांवर पुष्कळांचा विश्वास असतो. त्यांनीं पाझरणें थांबतें असें सिद्ध झालेलें नाहीं. आणि त्यांच्या भरंवशावर पांचवा दिवस घरीं काढणें हें तर आगीशीं खेळणें होय.

चौथी समजूत ही कीं, एकदां झाला म्हणजे पुन: होत नाहीं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकारानें ताप आला त्यापासून माणूस जन्मभर सुरक्षित राहतो. बाकीच्या तिहींपासून थोडे महिनेच. दुसऱ्या प्रकारानें ताप आला तर तो पुष्कळदां अधिक कठीण जातो. म्हणून ज्यास पूर्वीं डेंग्यू झाला आहे, त्यानें निर्भय न होतां अधिक सावध राहावें व ही गोष्ट डॉक्टरांस सांगावी.

६. आठवड्यांतून एक दिवस

अंड्यापासून डांस होण्यास निदान सात दिवस लागतात, म्हणून आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, घांसून, वाळवून पुन: भरावीं. ह्यासच कोरडा दिवस म्हणतात. एका घरानें सोमवारीं व दुसऱ्यानें दहा दिवसांनीं केलें तर उपयोग थोडा. सर्व गल्लीनें एकच वार ठरवावा. पाणी कमी आहे तेथें तें ओतून टाकूं नये. दाट फडक्यानें गाळून दुसऱ्या भांड्यांत घ्यावें, रिकामें भांडें घांसावें व तोंडास कापड घट्ट बांधावें. मोठा हौद रिकामा करणें शक्य नसेल तर आरोग्य खात्याकडून गप्पी मासे मागून त्यांत सोडावे. ते अळ्या खातात. घराभोंवतालचे जुने टायर, फुटकीं मडकीं, नारळाच्या करवंट्या, कूलरची टांकी, जनावरांची डोणी हीं विसरूं नयेत. आपल्या दफनभूमींत फुलांसाठीं ठेवलेल्या बरण्यांत पावसाचें पाणी सांठतें. त्यांत ओली वाळू भरावी, म्हणजे फुलें टिकतील व डांस होणार नाहींत.

खेड्यांतील उपदेशक, शाळामास्तर व घरोघर जाणाऱ्या भगिनी ह्यांस आमची एक विनंति आहे. एक साधी वही करावी. तींत तापाच्या रोग्याचें नांव, तापाचा पहिला दिवस, व तपासणी कोणत्या दिवशीं झाली एवढेंच लिहावें. चौथ्या, पांचव्या व सहाव्या दिवशीं त्या घरीं अवश्य जाऊन यावें, मग ताप असो वा नसो. एकाच गल्लींत दोन-तीन नांवें आलीं तर आशा सेविकेस व आरोग्य केंद्रास त्याच दिवशीं कळवावें. ह्यासाठीं वैद्यकी शिकावी लागत नाहीं. बोटांवर सातपर्यंत मोजतां आलें म्हणजे पुरे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. परभणीच्या उदाहरणावरून कोणती समजूत खोटी ठरते? खेड्यांत हा रोग शिरण्याचें मुख्य कारण कोणतें?
२. पहिला रोगी दिसल्यानंतर दुसरे रोगी किती आठवड्यांनीं दिसतात, व मधल्या काळांत काय करावें?
३. तापाच्या दुसऱ्या दिवशीं कोणती तपासणी योग्य, व सातव्या दिवशीं कोणती? चुकीच्या दिवशीं केली तर काय होतें?
४. ताप उतरल्यावर रोग्याकडे अधिक लक्ष कां द्यावें? धोक्याच्या चार खुणा सांगा.
५. आपल्या गल्लीचा कोरडा दिवस कोणता ठरविला आहे? ठरविला नसेल तर ह्या आठवड्यांत ठरवावा.